परतीची तारीख

(शोळिंगनल्लूर, चेन्नई येथे गणिताच्या एका प्राध्यापिकेच्या स्मृतिप्रीत्यर्थ दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळ आलं तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण इथेच होतात. मी पुण्यात होते आणि माझ्या प्राध्यापक बाईंच्या इथे राहणाऱ्या मुलीचा फोन लागत नव्हता. पळ्ळिकरणैची पाणथळ जागा भरून वाहत होती, पेरुंबाक्कमच्या वस्त्यांतून माणसांना होड्यांनी बाहेर काढत होते, असं टीव्हीवर दिसत होतं. त्या आठवड्यातल्या परीक्षा अण्णा विद्यापीठाने पुढे ढकलल्या. तुझ्या घरात पाणी किती फूट आलं याचा दाखला आण, असं कुठल्याही विद्यार्थ्याला सांगितलं गेलं नाही. मुलं येऊ शकत नाहीत म्हणून परीक्षा थांबल्या, पाणी ओसरलं, नवं वेळापत्रक लागलं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आता हेच पाणी एकाच घरात शिरलं असं समजा. वडिलांना पक्षाघात झाला, मुलीला क्षयाचं निदान झालं, एखादा मुलगा तीन महिने अंथरुणातून उठू शकत नाही आणि त्याला काय होतंय हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. त्या घरापुरता तोही पूरच असतो. पण वर्ग चालू राहतात, हजेरी मोजली जाते, फॉर्मची तारीख उलटते. पाणी ओसरल्यावर तो मुलगा कॉलेजात येतो तेव्हा त्याला आधी खुलासा द्यावा लागतो. आजचं माझं बोलणं या मुलांबद्दल आहे. ज्यांच्या नावाने आपण इथे जमलो आहोत, त्या बाईंनी आयुष्यभर हेच काम केलं. त्यासाठी त्यांना पगार नव्हता, कधी सत्कारही झाला नाही.

मी त्यांची विद्यार्थिनी. १९८३ च्या डिसेंबरात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला कावीळ झाली. अडीच महिने घरी होते. उकडलेलं खायचं, पडून राहायचं आणि खिडकीतून कॉलेजला जाणाऱ्या मुली बघायच्या. मार्चमध्ये कॉलेजात गेले तर ऑफिसातल्या कारकुनाने रजिस्टर उघडून एका वाक्यात सांगितलं, “तुमची टर्म लागत नाही.” पुढे काय करायचं हे त्याने सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. घरी वडील म्हणाले, “राहू दे आता, तब्येत सांभाळ. यंदा स्थळं बघू.” ते वाईट माणूस नव्हते. पोरीचा जीव वाचला याच आनंदात ते होते. त्यांच्या लेखी शिक्षण संपलं होतं, कारण ते पुन्हा सुरू होऊ शकतं असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आठवड्याभराने बाई घरी आल्या. वर्गात माझा नंबर पुकारून पुकारून त्यांनी चौकशी केली होती. चहा घेतला आणि वहीचं पान फाडून अर्जाचा मसुदा लिहून दिला. आजाराची सुरुवात कोणत्या तारखेला, डॉक्टरांचं सर्टिफिकेट कोणत्या तारखेपासूनचं, दुसऱ्या वर्षालाच जूनमध्ये पुन्हा बसू द्यावं ही विनंती. मग मला म्हणाल्या, “दोन प्रती कर. एक द्यायची, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.” तो धडा मला गणितापेक्षाही जास्त उपयोगी पडला. पुढे मी स्वतः शिकवायला लागले, परीक्षेच्या कामात पंचवीस वर्षं घालवली. किती मुलांना हे वाक्य सांगितलं असेल याचा हिशेब नाही.

बाई वर्गात रामानुजन शिकवायच्या तेही वेगळ्या तऱ्हेने. देवीने स्वप्नात सूत्रं सांगितली, टॅक्सीचा नंबर १७२९, या गोष्टी त्या दोन मिनिटांत उरकायच्या. त्यांचा भर असायचा १९०४ ते १९१३ या नऊ वर्षांवर. आज या शहरात उभी आहे तेव्हा ती नऊ वर्षं मला सावकाश सांगायची आहेत. आपण मराठी माणसं रामानुजन म्हटलं की थेट केंब्रिजला पोचतो आणि मद्रास गाळतो.

कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात त्याला शिष्यवृत्ती होती. गणितापुढे बाकीचे विषय त्याने सोडून दिले आणि शिष्यवृत्ती गेली. १९०५ मध्ये तो घरातून निघून गेला आणि विशाखापट्टणमला सापडला. १९०६ मध्ये मद्रासला पच्चयप्पा कॉलेजात नाव घातलं. तिथे तो आजारी पडला आणि काही महिने कुंभकोणमला घरी पडून राहिला. एफ.ए.ला, म्हणजे पदवीच्या आधीच्या परीक्षेला, नापास झाला. पुढच्या वर्षी बाहेरून बसला आणि पुन्हा नापास झाला. सगळा दोष आजाराचा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याला इतर विषयांत मन घालताच येत नव्हतं. पण ज्यांचं शिक्षण मोडतं त्यांच्याबाबतीत बहुधा असंच असतं. आजार, पैसा, स्वभाव, घर यांचा गुंता होऊन बसतो. त्यातला ‘खरा’ आजार किती, हे शोधत बसलेल्या ऑफिसला त्या मुलापर्यंत कधीच पोचता येत नाही.

नंतर त्याचं एक ऑपरेशन झालं. घरी पैसे नव्हते, डॉक्टरने ते फुकट केलं. पुढे मद्रासला मित्राकडे राहत असताना पुन्हा तब्येत बिघडली. गावी परतताना त्याने आपल्या वह्या त्या मित्राच्या हाती दिल्या. आपलं बरंवाईट झालं तर त्या पच्चयप्पा कॉलेजच्या सिंगारवेलू मुदलियार यांना किंवा ख्रिश्चन कॉलेजच्या रॉस यांना दे, असं सांगितलं. विशीतला, दोनदा नापास झालेला, आजारी मुलगा, आणि त्याला काळजी आहे ती वह्यांची. हे सांगताना बाई खडू खाली ठेवायच्या.

मग माणसं भेटत गेली. तिरुक्कोयिलूरला डेप्युटी कलेक्टर असलेले व्ही. रामस्वामी अय्यर. त्यांनी १९०७ मध्ये सुरू केलेल्या गणित मंडळाचं ग्रंथालय पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात होतं आणि ते सांभाळत होते रँग्लर परांजपे. ही गोष्ट सांगताना बाईंच्या आवाजात अभिमान यायचा. याच मंडळाच्या नियतकालिकात १९११ मध्ये रामानुजनचा पहिला निबंध छापून आला. रामस्वामींनी पुढे चिठ्ठ्या दिल्या. त्यातून नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव भेटले आणि ते महिन्याला २५ रुपये देऊ लागले. १९१२ च्या मार्चमध्ये पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांची कारकुनी मिळाली. १९१३ मध्ये हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर पोर्ट ट्रस्टला आले, त्यांनी वह्या पाहिल्या आणि विद्यापीठाला पत्र लिहिलं.

इथे मद्रास विद्यापीठासमोर अडचण उभी राहिली. संशोधनाची शिष्यवृत्ती पदव्युत्तर माणसाला द्यायची असा नियम, आणि हा तर एफ.ए.सुद्धा नाही. तेव्हा कुलगुरू होते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. आर. सुंदरम अय्यर. त्यांनी नियमाच्याही मागे जाऊन विद्यापीठाच्या स्थापनेच्या कायद्याची प्रस्तावना दाखवली. संशोधन वाढवणं हे विद्यापीठाचं एक काम आहे, असं तिथे लिहिलेलं होतं. शिष्यवृत्ती मंजूर झाली. महिना ७५ रुपये, दोन वर्षं, १ मे १९१३ पासून. अट एकच, दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल द्यायचा. त्याने तीन अहवाल दिले आणि मग तो इंग्लंडला गेला.

पंचवीस वर्षं परीक्षा विभागाच्या टेबलांवर बसलेली बाई म्हणून सांगते, मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोठा वाटतो तो त्या दिवशीचा कुलगुरू. नियमात बसत नाही असा शेरा मारून कागद परत पाठवणं सोपं असतं, सुरक्षितही असतं. नियम कशासाठी केला होता हे वाचायला नियमाच्या आधीचं पान उलटावं लागतं. पण हेही बघा की त्या मुलाला तिथवर पोचायला डॉक्टर, मित्र, डेप्युटी कलेक्टर, कलेक्टर आणि हवामान खात्याचा साहेब इतकी माणसं लागली. यातलं एक जरी भेटलं नसतं तर? आणि हा तर रामानुजन होता. ज्याच्या वहीत असामान्य असं काही नाही, ज्याला नुसतं आपलं बी.कॉम. पूर्ण करायचं आहे, त्याच्यासाठी कोण चिठ्ठ्या लिहिणार?

म्हणून मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती आपल्या महाराष्ट्राची आहे. १९१७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांचं लंडनचं शिक्षण अर्ध्यात तुटलं. कारण आजार नव्हतं. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना परत यावं लागलं. त्यांचं सामान वेगळ्या बोटीवर होतं, युद्धात ती बोट बुडाली आणि त्यात त्यांची पुस्तकं गेली. बडोद्याला नोकरी धरली तर तिथे राहायला घर मिळेना, जातीपायी अपमान सोसावा लागला. शिक्षण कायमचं सुटायला याहून जास्त काय लागतं? पण लंडन सोडताना त्यांनी एक गोष्ट करून ठेवली होती. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल, अशी विद्यापीठाची परवानगी त्यांच्या हाती होती.

म्हणजे त्यांच्याजवळ तारीख होती. मुंबईला सिडनेम कॉलेजात प्राध्यापकी करताना, पैसे बाजूला टाकताना त्यांना ठाऊक होतं की दार कधीपर्यंत उघडं आहे. शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले, मित्र नवल भथेना यांनी पाच हजार उसने दिले, आणि मुदतीला वर्ष बाकी असताना १९२० च्या जुलैत ते बोटीत बसले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. १९२२ मध्ये दिलेला डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहायला लावला. तो त्यांनी मुंबईहून दुरुस्त करून पाठवला आणि १९२३ मध्ये पदवी मिळाली. जिद्द होतीच. पण बाबासाहेबांची जिद्द सांगताना आपण तो परवानगीचा कागद विसरतो आणि मुलांना नुसती जिद्द करायला सांगतो. परत यायची तारीख लिहून मिळाली की माणूस तिच्या बेताने पैसे जमवतो, औषधं घेतो, झोपतो. तारीख नसली तर तो रोज सकाळी उठून आपलं शिक्षण संपलं की नाही याचाच विचार करत राहतो.

आनंदीबाई जोशींबद्दल थोडंच बोलते, कारण ते बोलणं मला जड जातं. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली, रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी पोटच्या मुलीसारखं जपलं. थंडी सोसेना, प्रकृती ढासळत गेली, तरी त्यांनी मार्च १८८६ मध्ये एम.डी. मिळवली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. वय एकवीस. माया करणारी माणसं त्यांना मिळाली होती. थांबायची मोकळीक मात्र नव्हती, कारण सगळा समाज त्या पडतात कधी याकडे डोळे लावून बसला होता. एक वर्ष थांबून, बरं होऊन परत ये, असं सांगणारा नियम तेव्हा असता तरी त्यांनी तो वापरला असता का, मला शंका आहे. लाज ही गोष्ट नियमापेक्षा ताकदवान असते. म्हणूनच आनंदीबाईंचं चरित्र मुलींना नुसतं प्रेरणा म्हणून देताना माझा हात अडखळतो.

आता आजचं. कागद आज पूर्वीपेक्षा खूप जास्त आहेत आणि ते माहीत असायला हवेत. तुमच्या इथल्या अण्णा विद्यापीठाच्या नियमांत ७५ टक्के हजेरी लागते, पण आजारपणामुळे ती ६५ पर्यंत घसरली तर परीक्षेला बसू देण्याची तरतूद आहे. मधे थांबून परत येण्यालाही तिथे ‘ब्रेक ऑफ स्टडी’ असं रीतसर नाव आहे. २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. मिळवलेली क्रेडिट्स सात वर्षं खात्यात राहतात. पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांत महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना दोन वर्षं वाढीव मिळतात, शिवाय बाळंतपण आणि संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. २०१६ च्या अपंगत्व हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेले आहेत, हे अजून कितीतरी प्राध्यापकांना माहीत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ४० टक्क्यांचा दाखला नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. गरज आहे का, एवढंच बघायचं. आणि जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे असं बजावलं.

हे का बजावावं लागलं, तेही सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे त्या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात पहिलं राज्य महाराष्ट्र, दुसरं तामिळनाडू. या सभागृहातल्या बहुतेकांची दोन घरं याच दोन राज्यांत आहेत.

या शहराने यावर एक फार शहाणं काम केलेलं आहे. १९८६ मध्ये डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी इथे ‘स्नेहा’ ही संस्था काढली. फोनवर ऐकून घेणं हे तिचं मूळ काम. पण फोन कोणत्या दिवसांत वाढतात हे त्यांनी पाहिलं आणि बारावीच्या निकालाचा मुद्दा लावून धरला. नापास झालेल्या मुलांना वर्ष वाया न घालवता लगेच पुरवणी परीक्षा द्या, हा त्यांचा आग्रह होता. तामिळनाडूत ती सोय झाली. निकालाच्या दिवशीच मुलाला कळतं की पुढची तारीख जवळ आहे आणि त्यात पास झालो तर याच वर्षी कॉलेज. महाराष्ट्रातही २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैत होऊ लागली. समुपदेशन हवंच. पण वेळापत्रकात एक ओळ वाढवल्यानेही पोरं वाचतात, हे मला परीक्षा विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगावंसं वाटतं.

आता माझी तुमच्याकडे मागणी आहे, आणि ती मी संकोच न करता करणार आहे. इथे येताना मेट्रोच्या खांबांमधून, राजीव गांधी सालैवरून आले. दोन्ही बाजूंना तुमच्या कंपन्या. तुमच्यापैकी कितीतरी जण मुलाखती घेता, कॅम्पसला जाता. भरतीच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, शिक्षणात खंड आहे का. इथे ज्याला अरियर म्हणतात, आपल्याकडे एटीकेटी, ती कधी होती का, असाही प्रश्न असतो. अमुक वर्षांपेक्षा जास्त खंड असेल तर फॉर्म पुढे सरकतच नाही. विद्यापीठाने उघडलेलं दार तुमच्या या रकान्यापाशी बंद होतं. मुलांना ते दुसऱ्या वर्षापासून माहीत असतं. माझ्याकडे ताप अंगावर काढून पेपरला बसलेली मुलं आली आहेत. नैराश्याच्या गोळ्या मधेच बंद केलेली मुलगी आली आहे, कारण “गॅप दिसली तर प्लेसमेंट जाईल”. तिला मी काय सांगणार होते? तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तुम्ही तो रकाना काढू शकता. काढता येत नसेल तर त्याखाली दोन ओळींची जागा ठेवा आणि त्या ओळी माणसाने वाचाव्यात अशी व्यवस्था करा. वर्षभर आजाराशी झुंजून परत आलेल्या मुलाला वेळेचं मोल शिकवावं लागत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

आईवडिलांना एवढंच सांगते. मूल हॉस्टेलवरून फोन करून “बरं वाटत नाही” असं तिसऱ्यांदा म्हणालं तर गाडी पकडा. भांडायला नको, सल्ला द्यायलाही नको, जेवण एकत्र करा. मग त्याच्यासोबत ऑफिसात जा आणि लेखी विचारा की थांबायचं असेल तर अर्ज कोणाकडे, फी किती पुढे धरणार, परत कधी घेणार. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आजार सुरू झाला तेव्हाचं हवं, परीक्षा बुडल्यानंतरचं चालत नाही. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. आणि घरच्या कार्यात नातेवाइकांनी “सध्या काय करतो?” असं विचारलं की त्याच्या वतीने कारणं सांगत बसू नका. “बरा होतोय, जूनमध्ये परत जाणार आहे,” एवढं पुरतं.

जूनमध्ये. बाईंचं सगळं काम या शब्दाभोवती होतं. प्रत्येक वर्षी ज्यांचं शिक्षण मधे थांबलं अशा मुलामुलींची नावं त्या एका पाठकोऱ्या वहीत लिहून ठेवायच्या. मेच्या शेवटी पंधरा पैशांची कार्डं आणायच्या आणि एकेकाला लिहायच्या. मला आलेल्या कार्डावर दोनच ओळी होत्या. कॉलेज २० जूनला सुरू होतंय. तुझा अर्ज मंजूर झाला आहे, ये. ते कार्ड वडिलांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि देवघरात ठेवलं. स्थळांचा विषय त्या वर्षी पुन्हा निघाला नाही.

काल रात्री बाईंच्या मुलीने ती वही कपाटातून काढून दाखवली. कोकणातलं गाव सुटलं, पुण्याचं घर सुटलं, पण वही तिने शोळिंगनल्लूरच्या चौदाव्या मजल्यापर्यंत आणली आहे. पानं पिवळी पडली आहेत. बहुतेक नावांपुढे कारण लिहिलेलं आहे. टायफॉइड. आई गेली. फी नाही. काही नावांपुढे नुसती रेघ आहे, म्हणजे कारण त्यांनी विचारलं नसावं. शेवटच्या रकान्यात काही जागा कोऱ्या आहेत आणि त्या कोऱ्या जागांसमोर पुढच्या वर्षाची, त्याच्या पुढच्या वर्षाची तारीख पेन्सिलीने लिहिलेली आहे. १९८४ च्या पानावर माझं नाव सापडलं. पुढे त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘कावीळ’. आणि शेवटच्या रकान्यात, शाईने, ‘२० जून. हजर.’